पाटी लागून किती दिवस झाले?

शिकागोबाहेर हायलँड पार्क नावाच्या उपनगरात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं घर होतं. घर कसलं, किल्लाच: ५६ हजार चौरस फुटांचं बांधकाम, सात एकरांचं आवार, आणि फाटकावर त्याच्या जर्सीचा २३ हा आकडा. २०१२ साली ते विक्रीला निघालं. सुरुवातीला किंमत सांगितली २ कोटी ९० लाख डॉलर. गिऱ्हाईक फिरकेना. भाव उतरवत उतरवत १,४८,५५,००० डॉलरवर आणून ठेवला. या रकमेतल्या आकड्यांची बेरीज करून पाहा, २३ येते. बाजार पडला तरी माणसाची हौस काही जात नाही. शेवटी २०२४ च्या अखेरीस ते घर ९५ लाख डॉलरला गेलं. पाटी लागल्यापासून साडेचार हजारांहून जास्त दिवस उलटले होते.

आता सोनाळ्यात या. बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेलं हे गाव. गाव मागे टाकून डोंगराकडे निघालं की अंबाबरवा अभयारण्य लागतं, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. इकडच्या गावांच्या जुन्या वस्तीत एखाद्या ढेलजेच्या दाराशेजारी ऑइलपेंटने लिहिलेलं असतं, ‘घर विकणे आहे’. खाली मोबाइल नंबर, त्यातला एखादा आकडा पावसाने खाल्लेला. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावं, “काकाजी, कव्हापासून इकाचं हाय घर?” उत्तर तारखेत मिळत नाही. “पोरगं पुन्याले गेलं ना, तव्हापासून.” आणि पोरगं कधी गेलं? “ज्या साली लय पानी झालतं, त्या साली.”

जॉर्डनच्या घराचे दिवस जगाला ठाऊक, कारण अमेरिकेत दलालांची सामाईक नोंदवही असते. घर विक्रीला आलं की त्यात तारीख पडते, सौदा झाला की दुसरी तारीख पडते, आणि दोन तारखांमधलं अंतर आपोआप निघतं. तिथल्या दलालांची राष्ट्रीय संघटना दर महिन्याला अशा दिवसांचा एक आकडा काढते. २०११ च्या मे महिन्यापासून हे मोजमाप चालू आहे, आणि जून २०२२ मध्ये हा आकडा १४ दिवसांवर आला होता, तोवरचा सगळ्यात कमी. चौदा दिवसांत घर! आपल्याकडे चौदा दिवसांत भावकी एका ओसरीवर जमत नाही.

मग सोनाळ्यातल्या, किंवा खामगाव-शेगावच्या, किंवा खुद्द मुंबईतल्या घराला विकायला किती दिवस लागले हे काढायचं कसं? पहिला विचार येतो तो सरकारी कागदाचा. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाची पाचशेच्या वर दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत. वर्षाला पंचवीस लाखांहून जास्त दस्त तिथे नोंदले जातात. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात या खात्याचा महसूल ५० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. मुंबईचे १९८५ पासूनचे आणि उरलेल्या महाराष्ट्राचे २००२ पासूनचे दस्त घरबसल्या शोधता येतात. इतका ढीग असताना दिवस मोजणं म्हणजे नुसती वजाबाकी, असं वाटतं.

दस्ताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन. कार्यालयात सगळे त्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. तो एकदा नीट वाचून काढावा. चौदा रकाने असतात. विलेखाचा प्रकार. मोबदला. बाजारभाव. भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक. क्षेत्रफळ. आकारणी किंवा जुडी. करून देणाऱ्याचं नाव, करून घेणाऱ्याचं नाव. मग नवव्या रकान्यात दस्त करून दिल्याची तारीख आणि दहाव्यात दस्त नोंदल्याची तारीख. पुढे खंड, पृष्ठ, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि शेवटी शेरा. तारखा दोन आहेत, पण दोन्ही सौद्यानंतरच्या. त्यांच्यातल्या अंतरावरून कळतं ते इतकंच की सही झाल्यावर नोंदणीला पक्षकारांनी किती वेळ काढला. १९०८ च्या नोंदणी कायद्याने त्यासाठी चार महिने दिलेले आहेत. घर विकायचं मनात आलं तो दिवस, पाटी लागली तो दिवस, पहिलं गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं तो दिवस, यांतलं काहीच कागदावर येत नाही. लग्नाचा दाखला मिळतो, त्याआधी किती स्थळं पाहिली ते त्यात लिहिलेलं नसतं, तसं हे.

आणि जे कागदावर येतं तेही फसवं असू शकतं. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत मालमत्तांची नोंदणी शून्य झाली. टाळेबंदी होती, कार्यालयं बंद होती. त्याच वर्षी डिसेंबरात साडेएकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. महिन्याच्या एकूण मिनिटांना या संख्येने भागलं तर रात्रंदिवस दर सव्वादोन मिनिटांना एक दस्त पडतो. आठ महिन्यांपूर्वी ज्या शहरात एकही घर विकलं जात नव्हतं त्या शहराला एकाएकी काय झालं? झालं इतकंच की सरकारने सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं होतं आणि ही सवलत ३१ डिसेंबरला संपणार होती. दोन कोटींच्या घरामागे सहा लाख रुपये वाचत होते. कित्येक सौदे तोंडी ठरून बसलेले असणार, ते सगळे एकदम खिडकीवर आले. कागदावरून बघणाऱ्याला वाटेल की मुंबईत घरं धडाधड खपली. खपली हे खरं, पण किती दिवस पडून राहून खपली ते डिसेंबरचा आकडा सांगत नाही.

नव्या इमारतींचं थोडं बरं आहे. १ मे २०१७ पासून बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या महारेराची चौकट लागू झाली आणि नोंदणी केलेल्या प्रकल्पात किती सदनिका गेल्या, किती उरल्या हे बिल्डरला दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. त्यावरून आणि स्वतःच्या पाहणीवरून सल्लागार कंपन्या न विकलेल्या घरांचे आकडे देतात. अनारॉकच्या आकडेवारीनुसार २०२० च्या अखेरीस देशातल्या सात मोठ्या शहरांत सुमारे ६ लाख ३८ हजार नवी घरं विकायची राहिली होती आणि त्या वर्षात विकली गेली होती सुमारे १ लाख ३८ हजार. भागाकार करा, साडेचार वर्षांहून जास्त येतात, महिन्यांत ५५. म्हणजे त्या वेगाने माल संपायला ५५ महिने. २०२४ च्या अखेरीस शिल्लक होती सुमारे ५ लाख ५३ हजार आणि वर्षाची विक्री ४ लाख ५९ हजारांच्या पुढे. आता उत्तर येतं चौदा महिने आणि थोडं वर. गंमत अशी की ढीग फारसा हललाच नाही. सहा लाख अडतीस हजारांचे साडेपाच लाख झाले, इतकंच. प्रतीक्षा मात्र जवळजवळ चौथाईवर आली. ढिगाकडे नुसतं बघून वेळ कळत नाही, ढिगातून माल किती वेगाने निघतो ते पाहावं लागतं.

हा भागाकार वरवर बाळबोध वाटतो, पण त्यामागे पक्कं गणित आहे. अमेरिकेतल्या जॉन लिटल या गणितज्ञाने १९६१ मध्ये ते सिद्ध करून दाखवलं. रांगेतली सरासरी संख्या म्हणजे दर दिवशी येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. रांग बँकेतली असो, दवाखान्यातली असो, की विकायच्या घरांची. आत कोण आधी आला, कोण मधे घुसला, याने फरक पडत नाही. अट एकच, रांग फार वाढत किंवा आटत नसावी. म्हणजे एकाही घराची पाटी लागल्याची तारीख ठाऊक नसली तरी चालतं. आज गावात किती घरं विकायची आहेत ते मोजा, वर्षाला किती विकली जातात ते काढा, भागा, सरासरी मुक्काम हातात.

सोनाळ्यासारख्या गावात हे करून बघावं म्हटलं, तर पहिली संख्या पायाने मिळते: गल्ल्या फिरा आणि पाट्या मोजा. दुसरी ग्रामपंचायतीत मिळायला हवी. नमुना ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. खरेदी झाली की मासिक सभेत ठराव होऊन तिथे नवं नाव चढतं. खरेदीखत नोंदवलेलंच नसेल, नुसत्या इसारपावतीवर घर हाती गेलं असेल, तर नाव वर्षानुवर्षं जुन्याच मालकाचं राहतं, हा आपल्या गावांचा नेहमीचा घोळ. तो बाजूला ठेवून समजा की पाट्या तीस आणि विक्री वर्षाला तीन. सरासरी मुक्काम दहा वर्षं झाला.

पण ‘सरासरी’ या माणसावर फार विश्वास ठेवू नये. एक काल्पनिक गाव घेऊ. तिथे दर वर्षी दहा घरं विक्रीला निघतात. त्यांतली नऊ रस्त्यावरची, कागद साफ असलेली, दहा दिवसांत जातात. दहावं मात्र आतल्या गल्लीतलं, भावकीच्या भांडणातलं, दहा वर्षांनी जातं. अनेक वर्षं हेच चालू आहे. आता विचारा, या गावात घर विकायला किती दिवस लागतात?

दलालाला विचारलं तर तो म्हणेल, दहा दिवस. खोटं बोलत नाही, दहापैकी नऊ घरं दहा दिवसांतच गेली. हिशेबनीसाला विचारलं तर तो बेरीज करेल: नऊ घरांचे नव्वद दिवस, एका घराचे तीन हजार सहाशे पन्नास, एकूण ३,७४०, भागिले दहा, म्हणजे ३७४ दिवस. वर्षाहून जास्त. तोही खरंच बोलतोय. आता तिसरा माणूस, बाहेरगावचा पाहुणा, गल्लीतून चालत जातो आणि आज लागलेल्या पाट्या मोजतो. नऊ चपळ घरं वर्षातून जेमतेम दहा-दहा दिवस दिसतात. ३६५ पैकी नव्वद दिवस, म्हणजे कुठल्याही एका दिवशी त्यांतलं सरासरी पाव घर दिसणार. रखडणारं घर मात्र दर वर्षी एक येतं आणि दहा वर्षं थांबतं, त्यामुळे अशी घरं एका वेळी दहा उभी असतात. पाहुण्याला सव्वादहा पाट्या दिसतात, त्यांतल्या दहा रखडलेल्या. शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव! प्रत्येक पाटीच्या मालकाला त्याने विचारलं की किती दिवस झाले, तर सरासरी उत्तर येतं पावणेपाच वर्षांच्या पुढे, १,७८० दिवसांच्या आसपास.

दहा दिवस, ३७४ दिवस, १,७८० दिवस. गाव एकच, घरं तीच, कुणी आकड्यांत लबाडी केलेली नाही. आणि लिटलचा नियमही चोख बसतो: वर्षाला दहा घरं गुणिले ३७४ दिवस, म्हणजे सव्वादहा पाट्या. संख्याशास्त्रात याला नावं आहेत, पण नाव न घेताही आपण रोज हेच अनुभवतो. ‘आमच्या गावात घरं इकतच नाही बावा’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं तरी पाट्या मोजण्यातून आलेलं असतं. जे घर विकलं गेलं त्याची पाटी पुसली गेली. ते साक्ष द्यायला उरत नाही.

उलटी फसगतही तितकीच होते. अमेरिकेतले ते चौदा दिवस आठवा. तो आकडा त्या महिन्यात विकल्या गेलेल्या घरांचा. जी विकलीच गेली नाहीत, ज्यांची पाटी मालकाने कंटाळून उतरवली, ती त्यात नाहीत. विकलेल्यांना विचारायचं की विकायला किती वेळ लागला, म्हणजे परीक्षेत पास झालेल्यांनाच विचारायचं की पेपर कसा होता. शिवाय तिथे आणखी एक युक्ती चालते: घर फार दिवस पडून राहिलं की यादीतून काढायचं आणि काही काळाने पुन्हा नव्याने टाकायचं. घड्याळ शून्यावर. तिथल्या नोंदवह्यांना म्हणूनच सगळ्या फेऱ्यांचे दिवस मिळून वेगळी बेरीज ठेवावी लागते. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर तर एकच सदनिका पाच दलालांच्या पाच फोटोंनी दिसते आणि प्रत्येकाखाली ‘३ दिवसांपूर्वी’ लिहिलेलं असतं. तिला तीन दिवस झाले म्हणावं की पाच त्रिक पंधरा?

महाराष्ट्र-गोव्यात रखडलेल्या विक्रीचा दिवसागणिक हिशेब जाहीर मिळतो तो एकाच ठिकाणी: बँकेच्या लिलावात. जप्त मालमत्ता विकायची तर थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, त्यात तारीख येते आणि राखीव किंमतही येते. विजय मल्ल्या यांच्या गोव्यातल्या कांदोळीच्या किंगफिशर व्हिलाचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये राखीव किंमत ८५ कोटी २९ लाख. बोली शून्य. डिसेंबरात ८१ कोटी. शून्य. मार्च २०१७ मध्ये ७३ कोटी. तरीही शून्य. मग एप्रिलमध्ये लिलावाबाहेरच्या वाटाघाटीत ते ७३ कोटींच्या किंचित वर गेलं. समुद्रकाठची, देशभर गाजलेली हवेली, आणि तिलाही सहा महिने. मुंबईतलं त्यांच्या विमान कंपनीचं मुख्यालय, विलेपार्ल्याचं किंगफिशर हाउस, घर नव्हे पण हिशेबाला बोलकं आहे. मार्च २०१६ मध्ये १५० कोटींपासून सुरुवात झाली, एकामागून एक लिलाव कोरडे गेले आणि २०२१ च्या मध्यावर ते ५२ कोटी २५ लाखांना विकलं गेलं. पाच वर्षांच्या वर काळ, आणि जवळजवळ दोन तृतीयांश किंमत विरघळली. स्वखुशीने विकणाऱ्याच्या घराचा असा इतिहास कुठेच उरत नाही. कर्ज बुडालं तरच आपल्याकडे घराच्या प्रतीक्षेची नोंद ठेवली जाते, हे जरा विचित्रच आहे.

म्हाडाची कथा याहून निराळी, तिथे एकाच संस्थेकडे दोन टोकं नांदतात. ऑगस्ट २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी सव्वा लाखाच्या घरात अर्ज आले, एका घरामागे सुमारे तीस. आणि तिकडे विरार-बोळींजमधली म्हाडाचीच हजारो घरं पुन्हापुन्हा जाहिराती देऊनही उठत नव्हती.

पाटी न लावता रिकाम्या असलेल्या घरांचा डोंगर तर याहून कितीतरी मोठा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ४७ लाख घरं रिकामी आढळली. शहरांत १ कोटी ११ लाख, म्हणजे उरलेली १ कोटी ३६ लाख खेड्यांत. एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास. देशातल्या प्रत्येक रिकाम्या घरापुढे एक मिनिट थांबायचं म्हटलं, न झोपता, न जेवता, तर सत्तेचाळीस वर्षं लागतील. जपानच्या २०२३ च्या पाहणीत तिथे ९० लाख घरं रिकामी निघाली, दर सातांतलं जवळजवळ एक. त्यांतली साडेअडतीस लाख ना विकायची, ना भाड्याची, ना सुट्टीत राहायची, नुसतीच असलेली. तिथल्या नगरपालिकांनी रिकाम्या घरांच्या याद्या चालवायला घेतल्या आहेत, खेड्यांतली घरं नाममात्र किमतीला देऊ करतात. चीनमध्ये ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस न विकलेल्या निवासी बांधकामाचं क्षेत्रफळ ६४ कोटी ८० लाख चौरस मीटर होतं. नव्वद चौरस मीटरचं एक घर धरलं तर ७२ लाख घरं. सांख्यिकी खात्याच्या एका माजी उपप्रमुखाने तर तेव्हा जाहीरपणे म्हटलं की रिकामी घरं भरायला देशातली १४० कोटी माणसंही कदाचित पुरणार नाहीत.

चीनमधली घरं जास्त बांधल्यामुळे पडून आहेत. सोनाळ्यासारख्या गावातलं जुनं घर पडून राहतं त्याचं कारण बहुतेक वेळा बांधकामात नसतं, नावांत असतं. आणि हा हिशेब मला सगळ्यात भयंकर वाटतो. पणजोबांनी बांधलेलं घर घ्या, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी पाट्या, वर टिनं. पणजोबांना चार वारस, त्या प्रत्येकाला चार, पुन्हा प्रत्येकाला चार. चार, सोळा, चौसष्ट. लेकींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला आणि २००५ मध्ये केंद्राने देशभर. दिला ते उत्तमच झालं, पण वाटण्या वेळच्या वेळी न करण्याची आपली खोड तशीच राहिली. आता समजा वारसांतला प्रत्येक जण मोठा समंजस आहे, विकायला हरकत नाही असं म्हणण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव. चार वारस असतील तर सगळ्यांचा होकार मिळण्याची शक्यता ८१ टक्के. सोळा झाले की ४४. चौसष्ट झाले की पावणेचार टक्के. माणसं तितकीच चांगली, फक्त संख्या वाढली, आणि जवळजवळ नक्की होणारा सौदा जवळजवळ अशक्य झाला.

होकार मिळाला तरी काम संपत नाही. दुय्यम निबंधकापुढे प्रत्येकाचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा लागतो. एक पुण्याला, एक सुरतेला, एक आत्या यवतमाळला आणि एक चुलतभाऊ कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. मग कुणी मुखत्यारपत्र करतं, कुणाकडून हक्कसोड लिहून घ्यायचं ठरतं, आणि हक्कसोडाचा विषय निघाला की दिवाळीला माहेरी आलेली बहीण दुसऱ्याच दिवशी परतते. या अवस्थेत गिऱ्हाईक आलंच तर त्याला बँकेचं कर्ज मिळणं कठीण, कारण गावठाणातल्या घराला कागद म्हणून नमुना ८ चा उतारा दाखवतात आणि तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. म्हणजे घेणारा सगळी रक्कम रोख मोजणारा हवा. असे गावात किती?

ही गाठ सुटावी म्हणून ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देण्याचं काम निघालं. महाराष्ट्रात त्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजना म्हणून ते देशभर गेलं. जानेवारी २०२५ पर्यंत ३ लाख १७ हजार गावांचं ड्रोनने मोजमाप झालेलं होतं आणि सव्वादोन कोटी पत्रकं तयार होती. भिंत कुठे संपते हे आकाशातून कळतं. भिंतीच्या आतल्या चौसष्ट जणांचं जमतं की नाही, ते ड्रोनला दिसत नाही.

तोवर थांबण्याची किंमत कोण मोजतं? दहा लाखांचं घर धरू. तेवढी रक्कम बँकेत सात टक्क्यांनी पडली असती तर दिवसाला १९२ रुपये झाले असते, दहा वर्षांत चक्रवाढीने साडेनऊ लाखांच्या वर. म्हणजे दहा वर्षं भाव धरून बसलेल्या मालकाने जवळपास त्या घराइतकंच दुसरं घर गमावलं. ‘घर कमी भावात नाही देनार’ या बाण्यामागे हा हिशेब क्वचितच केलेला असतो. अर्थात दहा वर्षांत भाव दुप्पट होतो तिथे मालक सुटतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आतल्या गल्लीतल्या मातीच्या घराचा तो होत नाही. दर पावसाळ्याला थोडा थोडा वाहून जातो.

तरीही सोनाळ्याचा खरा आकडा काढायचाच, तर वाट आहे. एडवर्ड कप्लान आणि पॉल मायर या दोघांनी १९५८ मध्ये एक पद्धत मांडली. दवाखान्यातल्या रुग्णांवर ती जगभर वापरली जाते, पण घरांनाही तशीच चालते. तिचं मर्म हे की ज्यांची गोष्ट अजून संपलेली नाही त्यांना टाकून द्यायचं नाही. आज पाटी लागून चार वर्षं झालेलं घर म्हणजे ‘निदान चार वर्षं तरी’ इतकी माहिती, आणि ती हिशेबात धरायची. करायचं काय? दर दिवाळीला गल्ल्या फिरून सगळ्या पाट्यांचे मोबाइलने फोटो काढायचे, तारीख त्यात आपोआप येते. पुढच्या वर्षी पुन्हा. जी पाटी नाहीशी झाली तिची चौकशी करायची: विकलं, की मालकाने बेत सोडला, की भिंतच पडली? तिन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या, कारण पडलेलं घर विकलेल्यांत धरलं तर गावचा बाजार फार तेजीत दिसेल. पाच-सहा वर्षांत चांगला आलेख तयार होईल: पाटी लागल्यापासून पहिल्या वर्षात शंभरातली किती गेली, तिसऱ्यात किती, पाचव्यात किती. जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांपैकी कुठल्याही गावात शाळेतल्या दहावीच्या पोरांना हे जमेल.

अडचण येईल ती मालकांकडून. घर पाच वर्षं पडून आहे हे कळलं की गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘काय खोट हाय याच्यात?’ आणि लगेच भाव पाडतं. ऐन दिवाळीत कुणी आपल्या पाटीचे दिवस मोजतंय म्हटल्यावर मालक रात्रीतून नवा रंग मारून घेईल. तेव्हा फोटो रस्त्यावरूनच, फारसा गाजावाजा न करता काढलेला बरा.